पेशंटचं सोंग

प्रियांका खाटेची सैल नवार आवळत होती. पाय लावून पट्टी ओढली की लाकूड कुरकुरायचं. अंगणात चपला वाजल्या तरी तिने मान वर केली नाही.

रुचिता दारातच थांबली. हातातल्या कापडी पिशवीत ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र होतं.

"परत द्यायला आले, ताई. मॅडमनी वापरायला दिलं होतं."

"ठेव तिथं."

मॅडम म्हणजे प्रियांकाची आई, वत्सलाबाई. नर्सिंग कॉलेजातून निवृत्त होऊन त्या सापगावला राहायला आल्या, तरी नव्याने शिकवायला लागलेल्या पोरी त्यांच्या मागोमाग इथवर यायच्या. पुस्तक पाठ, पण वर्गासमोर उभं राहिलं की सगळं विसरणाऱ्या. वत्सलाबाई याच खाटेवर आडव्या व्हायच्या आणि पेशंटचं सोंग घ्यायच्या. कधी मुरबाडच्या बाजारातला दारुडा, कधी सिद्धगडाच्या पायथ्याची, नर्सलाच औषध सांगणारी म्हातारी. सोंग रंगात आलं की हमखास म्हणायच्या, "आता खरंच दुखतंय गो." जी फसून घाबरायची, तिची मग चहा होईपर्यंत थट्टा.

रुचिता त्यांतली शेवटची. मुरबाडला नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. पेशंटला दुखणं कसं विचारावं, यावरचं तिचं पहिलंवहिलं संशोधन वत्सलाबाईच उभं करून देत होत्या. त्या गुरुवारी त्यांनी म्हातारीचं सोंग घेतलं होतं. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, हात जड झालाय. थोड्या वेळाने म्हणाल्या, आता खरंच गो. रुचिता फसली नाही. तिने शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, आजी, दहापैकी किती दुखतंय? आत चहा गाळणाऱ्या प्रियांकालाही हसू आलं. पोरगी तयार झाली म्हणायची.

शहापूरच्या दवाखान्यात नेताना वाटेवरच वत्सलाबाई गेल्या.

"उद्या माझा पाठ आहे," रुचिता म्हणाली. "प्राचार्य मागं बसणार. मी नाय जाणार. ते संशोधनपण नको. वर्गात पेशंट झालेली पोरगी नुसती कण्हली तरी माझे हात गार पडतात."

प्रियांकाने नवारीला गाठ मारली. भेटायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात तिने पाण्याचा तांब्या दिला होता. हिला दिला नाही.

"म्हणजे आईही गेली, आणि तिने शिकवलेलंही गेलं."

रुचिता पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. प्रियांकाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि उघड्या नवारीवर आडवी झाली.

"विचार."

"ताई, नको."

"खाट आहे, यंत्र आहे, पेशंट आहे. विचार."

रुचिता खाटेशी उकिडवी बसली.

"आजी, कुठं दुखतंय?"

"छातीत."

"कधीपासनं?"

प्रियांका छपराच्या वाशांकडे बघत राहिली. मग आईचाच हेल काढून, सावकाश, एकेक शब्द टोचल्यासारखा म्हणाली,

"हात जड झालाय. आता खरंच गो."

आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागली.

प्रश्न आलाच नाही. रुचिताने तिचं मनगट पकडलं, नाडीवर बोटं दाबली आणि दाराकडे तोंड करून शेजारच्या राघोला हाक मारली.

"राघोदादा, रिक्षा काढा."

"कोणला काय झालं गो?"

"नंतर सांगते. आधी काढा."

मनगटावरची बोटं गार होती, पण सुटत नव्हती. हे सोंग आहे, एवढंच सांगायचं होतं. प्रियांकाने डोळे मिटून घेतले.

बाहेर रिक्षा दोनदा फुरफुरली आणि सुरू झाली. त्या गुरुवारी हा आवाज आला, तेव्हा गाळलेल्या चहावर साय धरली होती.