लंकेतल्या कुरडया

नलूला समुद्र पाहायचा होता आणि तिच्या सासूला, मथुराबाईंना, कुरडया घालायच्या होत्या. दोन्ही कामं उन्हाळ्याचीच, तिथंच घोडं अडलं होतं.

थोरले दीर वामनराव लंकेत नोकरीला होते. समुद्राकाठच्या एका निवांत गावात त्यांचं बिऱ्हाड होतं. एकसष्ट साली त्यांनी सगळ्यांना सुटीला बोलावलं, पण दिग्रसच्या घरचं वाळवण टाकून मथुराबाई हलेनात. शेवटी नलूच बोलून गेली, "तिथंही ऊन पडतेच ना, आत्याबाई. तिथंच घालू. कुरडयायची जिम्मेदारी माही."

मग ट्रंकेत गहू बसला, पितळी सोऱ्या बसला, आणि मंडळी धनुष्कोडीहून बोटीनं निघाली. बोटीत चढताना मथुराबाई म्हणाल्याच, की सीतामाईला निदान रावणानं उचलून नेलं होतं, आपण आपल्या पायांनी चाललो.

गहू भिजला, चीक शिजला, अंगणातल्या चटईवर कुरडया पडल्या. नलूचा नवरा घनश्याम लेकरांना घेऊन लाटांत डुंबत होता, आणि नलू समुद्राकडे पाठ करून कावळे हाकत बसली होती.

आपल्याकडचं ऊन कसं, सकाळची कुरडई संध्याकाळी कडकड मोडते. इथल्या उन्हालाच घाम सुटलेला. दुसरा दिवस मावळला तरी कुरडया नरमच. धाकट्या लेकानं एक कानात अडकवली, तरी तुटेना. मथुराबाई येता-जाता एकेक कुरडई दाबून पाहत होत्या, आणि तेच नलूला जड जात होतं. येत्या वर्षात ज्या सणाला पानात कुरडई नसेल, त्या सणाला आपलं नाव निघणार, हे ती ओळखून होती.

तिसऱ्या सकाळी शेजारची कोळीण कुंपणापाशी आली. भाषा तर कळत नव्हती. तिनं सोऱ्या उचलून पाहिला, हसली, आणि घरातून आपला लाकडी सोऱ्या आणून शेजारी ठेवला. जणू दोन बहिणीच. मग हे खायचं सोडून उन्हात कशाला टाकलं, असं हातवारे करून विचारलं. नलू काही सांगणार, तोवर तिनं मूठभर कुरडया नेऊन वाफवल्या, वर नारळाचं दूध आणि गूळ घातला, आणि ताटली मथुराबाईंपुढं धरली. तिकडे तांदळाच्या अशाच जाळ्या करून ताज्या खातात, हे वामनरावांनी मागाहून सांगितलं.

मथुराबाईंनी एक घास घेतला. मग दुसरा. ताटली पुसून झाल्यावर म्हणाल्या, "वाळत नाही त नाही वाळत. आण बाई साऱ्याच."

दुपारपर्यंत दोन्ही घरांनी मिळून चटई साफ केली.

"आता कायचे कावळे हाकतं?" सासू नलूला म्हणाली. "जाय, समुद्र पाहून घे."

नलू धावतच सुटली. पाण्यात उभं राहून वळून बघते, तर मथुराबाई लुगडं घोट्यावर धरून मागोमाग येत होत्या.

दिग्रसला परतल्यावर शेजारच्या तानाबाईंनी पहिलं तेच काढलं. "सुनेनं लंकेत कुरडया घातल्या म्हणे. पाहू द्या त."

नलूच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"काय दाखवू, तानाबाई?" मथुराबाई म्हणाल्या. "अशा साधल्या पोरीले, की तिथच्यायनं एकही उरू देली नाही. पुढच्या साली गहू जास्तीचा न्या लागते."