माफीचा तास

ज्योत्स्नाने पूनमची वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. रिकाम्या वर्गात दोघीच होत्या. बाहेर पटांगणात आजी-आजोबांसाठी खुर्च्या मांडल्या जात होत्या.

"परत एकदा सांग बरं," ज्योत्स्ना म्हणाली.

"मी एक गोष्ट लपवली," पूनम भिंतीकडे बघत घडाघडा म्हणाली. "मिसच्या बाबांची केळी कापली ना, त्या दिवशी सकाळी आबांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग होते. आबांनी सदरा चुलीत टाकला. मी कोणाला बोलली नाही. सॉरी."

"शाबास. कुणाकडे बघून म्हणायचं?"

"आबांकडे. मिस, दुखतंय."

ज्योत्स्नाने पाहिलं, तर वेणीचा पेड तिने मुठीत आवळून धरला होता. तिने हात सैल केला आणि रिबिनीचं छानसं फूल बांधलं.

पूनमचे आबा म्हणजे बहादरपूरचे चुडामण. त्यांचं शेत आणि ज्योत्स्नाच्या वडिलांचं, देवरामचं, बांधाला बांध लागून. त्या बांधाचा वाद तहसीलीत गेला आणि निकाल देवरामच्या बाजूने लागला. त्यानंतर काही दिवसांतच एका सकाळी देवरामची निसवलेली बाग आडवी पडलेली दिसली. घड अर्धे भरले होते. एकेक खोड कोयत्याने कापलेलं. पोलीस आले, पंचनामा झाला, 'अज्ञात इसम' असं लिहून गेले. हा अज्ञात इसम कोण ते अख्ख्या गावाला ज्ञात होतं, पण गावाने तोंडाला कुलूप लावलं.

वर चुडामण सांत्वनाला घरी आले. ओसरीवर बसून, "देवरामभाऊ, जमाना खराब आहे," असं म्हणत त्यांनी बशीत ओतून चहा प्यायला. तो चहा ज्योत्स्नाने स्वतः केला होता. तिला बाग गेल्याचा राग होताच, पण त्या चहाचा राग काही केल्या निवत नव्हता.

देवरामने पुन्हा शेतात पाय ठेवला नाही. दिवसभर खाटेवर बसायचे, हाक मारली तरच बोलायचे. दारावर केळीची गाडी आली की भिंतीकडे तोंड फिरवायचे.

आणि जूनमध्ये चुडामणची नात ज्योत्स्नाच्या तिसरीच्या वर्गात येऊन बसली. देवानेच पाठवली, असं ज्योत्स्ना मनाशी म्हणाली. वर्गात फळ्याच्या वर येशूचं चित्र होतं, घरी तिच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण. यातल्या कुणी पाठवली याचा तिने फार विचार केला नाही.

ती शाळा मिशनची. सकाळी प्रार्थना, मग इंग्रजी, गणित, हिंदी, आणि शुक्रवारचा शेवटचा तास मेळमिलापाचा. मुलं त्याला 'सॉरी पिरियड' म्हणत. माफी मागणंसुद्धा पाढ्यांसारखं लहानपणीच पाठ करून घ्यावं, म्हणजे पुढे अडत नाही, अशी शाळेची समजूत. मुलांनी रिंगण करून उभं राहायचं. एकेकाने आपली चूक सांगायची. जो दुखावला असेल त्याने हात हातात घेऊन 'माफ केलं' म्हणायचं. मध्ये कुणी प्रश्न विचारायचा नाही. बोलणाऱ्याला शब्द सापडेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, मग कितीही वेळ लागो. शेवटची पाळी बाईंची. 'मी वह्या उशिरा तपासल्या' असलं काहीतरी किरकोळ सांगून ज्योत्स्ना दर शुक्रवारी सुटायची.

पूनमवर तिने कधी आवाज चढवला नाही. उलट मुलीची आई पहाटेच कापूस वेचायला जाते, केस तसेच मोकळे राहतात, हे हेरून तिने रोज तिची वेणी घालायला सुरुवात केली. फळा पुसायला तिलाच बोलवायचं, जवळ बसवायचं आणि हळूहळू घरचं विचारायचं. आबा काय करतात, आबा काय म्हणतात. असं करता करता एक दिवस तो सदरा बाहेर आला. त्या रात्री ज्योत्स्नाला बऱ्याच महिन्यांनी जेवण गोड लागलं.

आज तिसरीचं रिंगण आजी-आजोबांसमोर होणार होतं. मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिनांनी ज्योत्स्नाचाच वर्ग निवडला होता. सकाळी तिने वडिलांना स्कूटीवर मागे बसवलं तेव्हा ते कुरकुरले होते.

"मले कायले नेतीस वं तिथं? मही कोणती नात हाये शायेत?"

"चला तर खरं, बाबा. आज तुमच्या कानांनी ऐका."

ते पहिल्या रांगेत कडेला बसले. रांगेच्या मधोमध चुडामण, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. मागे निम्मं बहादरपूर.

रिंगण सुरू झालं. प्रियंकाचं रबर राहुलने दातांनी कुरतडलं होतं. अजयने आजीची सुपारी खाऊन टाकली होती आणि नाव मांजराचं सांगितलं होतं, त्यावर हशा पिकला. मग पूनम पुढे आली.

पूनमने आबांकडे पाहिलं. मोठ्याने बोलली, शिकवलं होतं तसंच.

"आबा, तुम्ही म्हटलं होतं, घरची गोष्ट भायेर सांगू नको. मी सांगितली. मिसला सांगितली. सॉरी."

एवढंच.

चुडामणचा चेहरा आधी चुन्यासारखा झाला. गोष्ट कोणती ते पुढे येईल म्हणून ते थांबले. ती आली नाही. इथे कुणी प्रश्न विचारायचा नसतो, तेव्हा कुणी विचारलंही नाही. मग त्यांच्या जिवात जीव आला. ते उठले, सदरा नीट करून रिंगणात गेले आणि नातीचा हात हातात घेतला.

"माफ केलं, बेटा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिस्टरांनी डोळे टिपले. मागून कुणी आजी म्हणाली, "काय संस्कार हायेत बाई शायेचे!"

ज्योत्स्नाच्या अंगाची लाही लाही झाली. इतके महिने तिने जे जपून रचलं त्याचं हे फळ! ज्याने माफी मागायची तोच ती देऊन मोकळा झाला होता, आणि वर टाळ्या घेऊन जागेवर बसत होता. देवराम टाळ्या वाजवत नव्हते. ते लेकीकडे बघत होते.

पूनम तिच्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "मिस, तुम्ही सांगितलं तसं नाही बोलली मी. आपण आपलीच चूक सांगायची असते ना?"

हे ज्योत्स्नानेच शिकवलं होतं. पहिल्याच शुक्रवारी, फळ्यावर लिहून.

"ज्योत्स्ना, अब आपकी बारी," सिस्टर हसून म्हणाल्या.

वह्या उशिरा तपासल्याचं जिभेवर आलं होतं. पण पूनम समोरच उभी होती, मिस रागावल्या की काय अशा नजरेने बघत. रिबिनीचं फूल एका बाजूला कललं होतं. ज्योत्स्ना खाली बसली, तिच्या उंचीला आली.

"पूनम, मी रोज तुझी वेणी घालायची ना, ती तुझ्यासाठी नव्हती," ती म्हणाली. "सॉरी, बेटा."

खुर्च्यांवरच्या लोकांना यातलं काही उमगलं नाही. पूनमलाही किती उमगलं कोण जाणे. तिने पटकन हात पुढे केला.

"माफ केलं, मिस."

ज्योत्स्नाने तो हात धरला. आता संपलं, म्हणून लोक टाळ्यांसाठी हात उचलणार, तोच पूनमने विचारलं, "आणि आबांना? आबांना पण माफ केलं ना, मिस?"

रिंगणात प्रश्न विचारायचा नसतो. पण विचारला गेला, आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकला. मागे कुजबुज सुरू झाली आणि लगेच विरली. बहादरपूरला हा प्रश्न कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ज्योत्स्ना पूनमचा हात न सोडता उठली आणि तिने सरळ चुडामणकडे पाहिलं.

"त्यांना आधी मागू तर दे," ती म्हणाली. "ये, आपण थांबू."

आणि ती थांबली. मुलंही हात धरून थांबली, त्यांना तशी सवयच होती. सिस्टरांनी एकदा घड्याळ पाहिलं, मग त्याही थांबल्या. चुडामणने सदऱ्याची बाही उगाच झटकली, पायांकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याने आपली खुर्ची थोडी बाजूला ओढून घेतली.

रांगेच्या कडेला देवराम खुर्चीत पुढे सरकून बसले होते.