मला ताईत म्हणून बांधलं

मी बोलतेय, बॅटरीवर चालणारी वाफेची सिगारेट. बाजारात मला व्हेप म्हणतात. पण ज्या घरात मी राहिले तिथे माझं हे नाव वेळेवर कुणी घेतलंच नाही, आणि सगळं रामायण तिथूनच झालं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या बायांनी हातात मोजे घातले होते आणि तोंडाला फडकं बांधलं होतं. जन्म देणाऱ्यांनी मला कधी ओठाला लावलं नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

तिथून ट्रकात बसून मी तोकमोक गावच्या बाजारात आले. रुस्लान नावाच्या दुकानदाराने मला काचेच्या कपाटात ठेवलं. शेजारी लोकरीचे मोजे विकणारी म्हातारी, पलीकडे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्यांची पोती. कपाटात आम्ही पुष्कळजणी होतो. लहान, मोठ्या, जाड, बारीक. गिऱ्हाईक आलं की रुस्लान आम्हाला काढून गालिच्यावर मांडायचा, मुली दाखवायला मांडाव्यात तसा.

थंडी पडायला लागली तेव्हा जिपार आली. सोबत तिची मैत्रीण गुलशाइर होती. दोघी पूर्वी एकाच शिलाईच्या कारखान्यात होत्या. जिपारचं लग्न होऊन ती सासरी गेली, तिचा नवरा उलान पोर पोटात असतानाच रशियात बांधकामावर गेला. घरात सासू आणि पाच महिन्यांचा मुलगा, बेकतुर.

"ही मोठी बघा," रुस्लान म्हणाला. "हिची बॅटरी आठवडाभर मरत नाही. धूरही भरपूर."

"वीट आहे का रे ही?" गुलशाइर म्हणाली. "हिला लपवायचीय, घर नाही बांधायचं."

"मग ही पेन्सिलवाली."

"दुपारपर्यंत तरी चालते का?"

"दुपारपर्यंत चालते की. चार्जर मात्र वेगळा लागतो. हरवला तर माझ्याकडेच यायचं."

"म्हणजे तुझी चैन!"

मग त्याने मला उचललं. "ही मधली. काड्यापेटीएवढी. दोन दिवस निघतात, आणि फोनच्याच चार्जरवर लागते. फक्त निकोटिनच्या रसाची टाकी बसवायला ही अडॅप्टरची कडी घ्यावी लागेल. कडी टाकीवर शेवटपर्यंत फिरवायची, मग लोहचुंबकाने टाकी आत आपसूक चिकटते. अर्धवट ठेवली तर रस गळतो, ते ध्यानात ठेवा."

जिपारने हात पुढे केला. तिने मला मुठीत घेतलं आणि मूठ मिटली. मी कुठूनच दिसेना.

"हीच दे," ती म्हणाली.

निळा रंग तिनेच निवडला. घरी येऊन माझ्या बुडाच्या भोकातून लाल दोरा ओवला आणि मला गळ्यात, लोकरीच्या झग्याच्या आत घातलं. तिथे मला तिच्या काळजाचे ठोके ऐकू यायचे. फार भरभर पडायचे ते.

वाईट बाई नव्हती ती. शिलाईच्या कारखान्यात सगळ्याच मुली खिडकीशी उभ्या राहून ओढायच्या, तिथे तिला सवय लागली. पोर पोटात होतं तेव्हा तिने सगळं सोडलं होतं. पण बाळंतपणानंतर तिची झोप गेली. पोर शिंकलं तरी ती घाबरायची. पोर शांत झोपलं तर त्याहून जास्त. मग ती उठून त्याच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास लागतो का बघायला. राहवेनासं झालं की गोठ्यामागे शेणाच्या गोवऱ्यांच्या ढिगाआड जाऊन माझे दोन झुरके घ्यायची. मग हात धुवायची, चूळ भरायची, एक खारट गोळी चघळायची, आणि तेव्हाच पोराला घ्यायची. एकदा मला हातात धरून हळूच म्हणाली, "दुधातून जात असेल का गं त्याला?"

सासू सायराकान नाकाची तिखट होती. जिपार तिला आपा म्हणायची.

"हिवाळ्यात खरबुजाचा वास कुठनं येतो गं, सूनबाई?"

"साबणाचा येतोय, आपा."

"साबणाला खरबुजाचा वास! उद्या खरबुजाला साबणाचा येईल."

जिपार हसायची आणि झग्यावरून मला दाबून धरायची.

एक दिवस ती गोठ्यामागून येत होती तोच पोर रडायला लागलं. तिने घाईत मला गळ्यात घालायचं सोडून बाहीत खुपसलं. त्याला पाळण्यात ठेवताना मी गोधडीच्या घडीत घसरले. संध्याकाळी सायराकान पोराला बांधायला बसली. तिथल्या पाळण्यात पोराला पट्ट्यांनी हातपाय सरळ करून बांधतात, आणि पाळण्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी दांडा असतो. दांड्याला निळे मणी, लांडग्याचं नख, असं दृष्ट लागू नये म्हणून लटकवलेलं असतं.

तिच्या हाताला मी लागले. तिने मला दिव्यासमोर धरलं. निळा रंग, लाल दोरा. चुकून तिचा अंगठा बटणावर पडला आणि माझा दिवा लागला.

"अगं बाई! हा तुझ्या आईने पाठवलेला ताईत ना?"

जिपारची आई मौलवीकडून ताईत आणणार होती, हे खरं होतं. महिनाभर नुसतं बोलणंच चाललं होतं. जिपारच्या हातातली चहाची वाटी तशीच राहिली.

"हो, आपा," ती म्हणाली.

एवढंच. दोन शब्द.

"प्लास्टिकचा? मौलवी पण आता चीनचा माल आणायला लागला वाटतं. पण उजेड बघ कसा पडतोय! पाक चीज आहे." म्हातारीने मला कपाळाला लावलं, दोन्ही तळवे पसरून दुवा मागितली, आणि दांड्याच्या मधोमध तीन गाठी मारून बांधलं. बुडाला दोरा, म्हणून माझं तोंड खाली. खाली बेकतुरचं तोंड. तो माझ्याकडे बघून खुदकन हसला.

"काढू नकोस हं हा," सायराकान म्हणाली. "दुवा मागून ज्या हाताने बांधला त्याच हाताने सोडायचा. पोर पहिलं पाऊल टाकेल तेव्हा मी सोडीन."

जिपारला वाटलं, सासू बाहेर गेली की काढून टाकू, हरवला म्हणून सांगू. पण हिवाळ्यात चूल त्या एकाच खोलीत. म्हातारी तिथेच लोकर कातायची, तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. वर शेजारणींना बोलावून मला दाखवायची. बातमा आली की बटण दाब, बातमाची जाऊ आली की बटण दाब. त्यांना दिवा दिसायचा. प्रत्येक दाबाला माझ्या आतली तार तापत होती आणि टाकीतला रस पातळ होत होता, ते कोण बघणार? दोन दिवस निघतात असं रुस्लान म्हणाला होता ते खोटं नव्हतं. मी मरत नव्हते.

जिपारला जेवण जाईना. पोराला अंगावर घ्यायची आणि डोळे दांड्याकडे. शेवटी तिने आईला फोन केला, कुजबुजत.

"खरा ताईत घेऊन लवकर ये, आई. अगदी लवकर."

"अगं, मौलवी लग्नाला गेलाय. शुक्रवारी येईल. इतकी काय घाई? पोराला बरं नाही का?"

"बरंय. तू ये फक्त."

दुसऱ्या दिवशी सायराकान बादली घेऊन विहिरीवर गेली. जिपार धावत पाळण्याशी आली. गाठी तिला सुटेनात, नखं तुटली. मग तिने विचार केला, अख्खी नाही तर निदान टाकी तरी काढू, रस ओतून देऊ. तिने टाकी खेचली, बरोबर अडॅप्टरची कडी आली. कडी फिरवून टाकी मोकळी करायला लागली. अर्धी फिरली असेल नसेल, दारात बादलीचा आवाज झाला.

तिने टाकी तशीच परत आत ढकलली. लोहचुंबकाने ती चिकटली. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. पण मला कळलं. माझ्या अंगात कडीशी ओल धरायला लागली होती.

"काय करतेस?"

"धूळ पुसतेय, आपा."

"चल, पीठ मळून घे. आई येणार म्हणतेस ना तुझी."

जिपार पीठ मळायला बसली, पाळण्याकडे तोंड करून. तिथून तिला पोराचं कपाळ दिसत होतं, ओठ दिसत नव्हते.

पहिला थेंब माझ्या टोकाशी जमला. मी त्याला धरून ठेवायला बघितलं. आम्हाला हात नसतात. तो पडला. बेकतुरने जीभ बाहेर काढली आणि चाटला. खरबुजासारखा गोड. त्याने आणखी तोंड उघडलं.

थोड्या वेळाने भुकेची वेळ झाली तरी तो रडला नाही, हेच आधी जिपारच्या लक्षात आलं. ती कणकेच्या हातांनीच धावली. पोर पांढरं पडलं होतं, तोंडातून लाळ वाहत होती, मग भडाभडा ओकलं आणि मान टाकली.

"दृष्ट!" सायराकान ओरडली. "त्या बातमाची! कालच म्हणत होती, किती गुबगुबीत, किती गुबगुबीत!" तिने चुलीतले निखारे तव्यावर काढले, त्यावर डोंगरातल्या झाडाचा वाळका पाला टाकला आणि पाळण्याभोवती धुरी फिरवायला लागली. "जा, निघून जा, जिकडून आलीस तिकडे जा! ताईत आहे, घाबरू नकोस पोरी, ताईत आहे वर!" आणि तिने बटण दाबलं.

"दाबू नका!"

त्या घरात जिपारचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. मीही नाही.

"आपा, तो ताईत नाहीये. ती माझी सिगारेट आहे. आत विष आहे. ते याच्या तोंडात गेलंय."

म्हातारीच्या हातातला तवा तसाच धुरत राहिला. तिला सिगारेट शब्द कळला, विष शब्द कळला, पण दोन्ही माझ्याशी जोडता येईनात. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तवा खाली ठेवला, लोकर कातरायची कात्री घेतली आणि एका फटक्यात लाल दोरा तोडला. आपल्याच हाताने.

"गाडी," ती म्हणाली. "बातमाच्या नवऱ्याला हाक मार."

ज्या बातमाला आत्ताच शिव्या दिल्या होत्या, तिच्याच नवऱ्याच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लंय? जिपारने मूठ उघडून मला पुढे केलं. बाईंनी जिपारकडे बघितलं नाही, बघायला वेळच नव्हता. पोराला घेऊन त्या आत पळाल्या. बाकड्यावर दोघी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

बेकतुर वाचला. नळ्या लावल्या, रात्रभर लक्ष ठेवलं, आणि सकाळी तो दुधासाठी रडला.

घरी आल्यावर जिपार वाट बघत होती, आपा बोलतील, मारतील, माहेरी पाठवतील. सायराकानने यातलं काही केलं नाही. उलानला फोनवर म्हणाली, "पोर आजारी होतं, आता बरंय." शेजारणींना म्हणाली, "दृष्टच होती." सुनेची अब्रू तिने अशी राखली. आणि त्याच संध्याकाळी पाळणा उचलून आतल्या थंड खोलीत नेला. तिथे दुसरी चूल मांडली, आपलं अंथरूण नेलं, आणि दार लोटून घेतलं.

आता पोर भुकेलं की म्हातारी दार उघडते. "आत ये." जिपार हात धुऊन, कपडे बदलून जाते, पाजते. पोट भरलं की म्हातारी हात पुढे करते आणि जिपार पोर देते. गोठ्यामागे ती आता जात नाही. सवय सुटली म्हणून कुणी तिचं कौतुकही करत नाही. पोर शिंकलं की ती लोटलेल्या दाराशी उभी राहते. पूर्वी नाकाखाली बोट तरी धरता यायचं.

मला फेकून दिलं असेल असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यावर दुवा मागितली होती ना. दुवेची वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, आणि विष घरात ठेवत नाहीत. सायराकानला काय करावं ते कळेना. शेवटी तिने मला चहाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा गोठ्याच्या वळचणीला खोचला. इथे मी आहे. खाली गाय रवंथ करते.

मला विकत घेणाऱ्या बायांनो, दुकानात माझी लांबीरुंदी बघता, बॅटरी किती टिकते विचारता, अडॅप्टर कुठला लागतो विचारता. घ्याच असं मी म्हणणार नाही, घेऊ नका म्हटलं तर ऐकाल असंही नाही. पण घरात तुमचं पोर जी म्हातारी सांभाळते, तिच्या हातात मला एकदा द्या आणि माझं नाव सांगा. ती शिव्या देईल, कपाळ बडवेल, तुमच्या आईबापाचा उद्धार करेल. करू द्या. ऐकून घ्या आणि पोराला तिच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घ्या. तेवढं करता येतंय तोवर करा.