दोन मंडळ्यांत फाटलेली वाकळ

हट्ट्याजवळच्या एका गावात, पत्र्याच्या प्रार्थनाघरात अंथरलेली विटकी वाकळ दिसते ना, मित्रांनो, ती मी. खरं सांगायचं तर मी अर्धीच आहे. माझा दुसरा अर्धा भाग गावातल्या जुन्या चर्चमध्ये असतो.

मी शिवले गेले तेव्हा गावात ते एकच चर्च होतं आणि त्यात बसायला काही नव्हतं. ख्रिस्ती घरं वरच्या आणि खालच्या अशा दोन आळ्यांत. बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या उलटल्या, तरी आधीच्या जाती काही धुऊन निघाल्या नव्हत्या. वरची आळी खालच्या आळीत पाणी पीत नसे. अशात खालच्या आळीची सोजराबाई आणि वरच्या आळीची मनकर्णा यांनी घरोघर फिरून जुनी लुगडी, धोतरं जमवली आणि मांडीला मांडी लावून उन्हाळाभर मला शिवलं. कुणाचं कापड कुठे लागलं, ते त्यांच्याही ध्यानात राहिलं नाही. नाताळात माझी घडी उघडली, तेव्हा काहींनी नाकं मुरडली, पण बसले सगळे. पुढची कितीतरी वर्षं लोक माझ्यावर बसून प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत मोडलेली, भाकर एकाच ताटातून खात होते. तेव्हा मला फार मिरवल्यासारखं वाटे.

मग गावात नवी मंडळी, म्हणजे वेगळ्या पंथाचं चर्च, सुरू झाली. डोक्यावर पाणी शिंपडलं तर तो बाप्तिस्मा नव्हे, कालव्यात पुरतं बुडवलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. वाद पाण्याचा, पण लोक फुटले ते बरोबर आळीप्रमाणे. वरची आळी नव्या मंडळीत, या पत्र्याच्या प्रार्थनाघरात गेली, खालची जुन्या चर्चमध्ये राहिली. वाटणीच्या दिवशी दोन्हीकडची शहाणी माणसं माझ्यावर वाकून आपापल्या घरची ठिगळं शोधत बसली. एकालाही आपलं ठिगळ ओळखता आलं नाही. शेवटी वैतागून त्यांनी मधोमध कात्री चालवली. मला फार दुखलं.

अकरा वर्षं गेली. मनकर्णाच्या छातीचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी आशा सोडली. तिची एकच इच्छा होती. सोजराबाईला शेजारी घेऊन एकदा प्रभुभोजन करायचं. तिने निरोप धाडला आणि सोजराबाई इथे, प्रार्थनाघरात आली. दोघी माझ्यावर टेकल्या.

भाकरीचं ताट घेऊन मनकर्णाचा मुलगा संतराम फिरत होता. आईला तुकडा देऊन त्याने ताट मागे घेतलं.

"मावशी, तुमी बुडवून घेतलं न्हाई. तुमाला देता येत न्हाई," तो हळूच म्हणाला.

"चाळीस वर्सं प्रभूचं नाव घेऊन राहिले, बाबा. ते काय खोटं व्हतं?"

संतरामने मंडळी चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मनकर्णाने हातातला तुकडा ताटात परत ठेवला.

"आई, काहून ठेवलंस?"

"मी बोलावलेली बाई उपाशी, अन् मी खाऊ व्हय?"

दोघी न खाताच उठल्या. आठव्या दिवशी मनकर्णा गेली. माती देऊन आल्यावर संतराम एकटाच माझ्यावर येऊन बसला. "एक तुकडा दिला असता तर काय बिघडलं असतं?" असं म्हणून तो रडला. मला वाटलं, आता काहीतरी बदलेल. पण पुढच्या प्रभुभोजनाला तो तेच ताट घेऊन, त्याच लोकांत, तसाच फिरला.

मित्रांनो, माझ्यासाठी सुईदोरा शोधू नका. चिंधीच मी, अशीच संपेन. पण सोजराबाई अजून आहे. जुन्या चर्चमध्ये, माझ्या दुसऱ्या अर्ध्या भागावर, ती भिंतीला टेकून एकटी बसते, आणि मनकर्णा गेल्यापासून तिनेही प्रभुभोजनाची भाकर घेतलेली नाही. तुम्ही कुठल्याही आळीचे असा, येत्या रविवारी तिच्या शेजारी जाऊन बसा. ती खाईल तेव्हाच तुम्ही खा.