दीडशहाणे

"म्हणजे काका, तुमच्याच वह्या खोट्या आहेत असं तुम्हीच सांगताय?" नगर विकास कचेरीच्या अभियंता बाईंनी मोजपट्टी गुंडाळत विचारले.

"वह्या खऱ्या आहेत. दगड खोटा आहे."

दहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती. वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीचा माथा बारा चाळीसला होता. बंदरावर भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवणाऱ्या या निवृत्त कारकुनाने हे गणित सकाळपासून तीनदा तपासले होते, आणि उत्तर तेच आले होते. जुन्या गोदामाच्या तळघरात आज उपाहारगृहाचे उद्घाटन होते. दोनशे पाहुणे खाली बसले होते आणि त्यांच्यामधून पाणी देत फिरणाऱ्यांत त्याची लेक होती. विसाही नोकरांचे फोन वर कपाटात ठेवून घेतले होते.

धक्क्याच्या भिंतीत फुटांच्या खुणा कोरलेला एक दगड होता. परक्यांच्या अमलात ही भिंत एकदा ढासळली. पुन्हा बांधताना दगड दीड फूट वर बसला, आणि त्यावर पाणी तेवढेच कमी दिसू लागले. गोऱ्या बंदर अधिकाऱ्याने तोवर अहवालात 'यथास्थित' असे लिहून टाकले होते, आणि साहेबाने यथास्थित ठरवलेला दगड हलवणे कोणाच्याही नोकरीला झेपणारे नव्हते. म्हणून एक रीत पडली. वहीत दगडावरचा आकडा लिहायचा. जहाज आत आणणाऱ्या वाटाड्याला सांगताना त्यात दीड मिळवायचा. साहेब गेले, झेंडा बदलला, रीत राहिली. एका कारकुनाने ती दुसऱ्याच्या कानात सांगायची. सारे बंदर या कारकुनांना 'दीडशहाणे' म्हणत असे.

पुढे जहाजे दूरच्या नव्या बंदराला गेली आणि पदच रद्द झाले. त्याने ऐंशी वर्षांच्या वह्या नगर विकास कचेरीत जमा करून पोच घेतली. दीड सांगायला मात्र समोर माणूसच नव्हता. त्या वह्यांवरून तळघराच्या दाराचा उंबरठा ठरला, हे त्याला काल कळले. नवा गणवेश दाखवताना लेक सहज म्हणाली होती, "बाबा, तुमच्या वह्यांवरूनच बांधलंय म्हणे सगळं. तुमच्या एका पानाचा फोटो चौकटीत लावलाय भिंतीवर."

"उंबरठा सतरा फुटांवर आहे," बाई म्हणाल्या. "आजची भरती साडेसोळा. हा अंदाज ऐंशी वर्षांच्या आकड्यांवर काढलाय."

"अठरा येईल."

"लेखी आहे काही?"

"हे लिहायचंच नसायचं."

"मग मी दोनशे माणसं कशाच्या जोरावर उठवू?"

प्रश्न रास्त होता. बाईंच्या जागी तो असता, तर त्यानेही हेच विचारले असते. त्याने पिशवीतून गवंडी वापरतात तशी लांब पारदर्शक नळी काढली. ती पाण्याने भरलेली होती. दोन्ही टोकांत पाणी एकाच पातळीला राहते. तिथे वशिला चालत नाही. बाईंनी एक टोक उंबरठ्याला लावून धरले. दुसरे घेऊन तो धक्क्याच्या पायऱ्या उतरला. चपला बुडाल्या. नळीतले पाणी दगडापाशी हलले, डुचमळले आणि थांबले.

"किती?" बाईंनी वरून विचारले. "सतरा यायला पाहिजे."

"साडेपंधरा."

बाई स्वतः खाली आल्या, वाकल्या आणि त्याने बोटाने धरून ठेवलेली खूण त्यांनी वाचली. मग त्यांनी घड्याळ पाहिले.

व्यवस्थापक दारातच भेटला. "आत्ता? सूप वाढतायत खाली. आणि हा कोण दीडशहाणा आणलात?"

"शेवटचा," तो म्हणाला.

"लेखी द्या मला."

बाईंनी कागद पुढे केला. 'सर्व नोंदींत दीड फूट मिळवावा.' हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होता. त्याने खाली सही केली.

पाहुणे कुरकुरत वर आले. "ऐन जेवणात कसली ही कवायत," एक जण म्हणाला. त्यांच्यामागून आचारी आले, वाढपी आले. तो प्रत्येक चेहरा पाहत होता. एकोणीस गणवेश मोजून झाले, विसावा, लेकीचा, येईना. दगडावर साडेपंधराची खूण दिसेनाशी झाली आणि उंबरठ्यावरून पाण्याची एक पातळ, निवांत पट्टी आत उतरली. तो जिन्याकडे धावला. तीन पायऱ्या उतरून तो कठड्यावरून वाकला. त्याने खाली हाक मारली.

खालून छपछप ऐकू आली. लेक वर येत होती, घोट्यांपर्यंत भिजलेली, छातीशी एक चौकट धरून.

"अडकवली होती की खिळ्याला. निघता निघेना," ती धापा टाकत म्हणाली. "तुमचं पान भिजलं असतं, बाबा."

त्याने चौकट हातात घेतली आणि सदऱ्याच्या बाहीने काच पुसली. आत त्याचे वळणदार अक्षर कोरडे होते. एका महिन्याचे आकडे एकाखाली एक, सरळ रेषेत. कुठेही खाडाखोड नव्हती.