दादाच्या रेडिओतला आत्मा

दिवाणखान्यात इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर दादाचा जुना, धिप्पाड रेडिओ होता. जाण्याआधी दादा याच रेडिओवरून जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांशी गप्पा ठोकायचा. आता समोर बुवा बसले होते. डोळे मिटलेले, एक हात झग्याच्या खिशात.

"दादाच्या आत्म्या, खूण दे!"

रेडिओला कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी त्यावरचे स्टेशन दाखवणारे हिरवे आकडे भराभर वर पळाले. खरखरीतून कुणीतरी अगम्य भाषेत बोलू लागलं.

"परलोकाची भाषा!" बुवा गरजले. सगळ्यांनी हात जोडले.

"परलोकात सर्दीही होते वाटतं," दाराशी उभ्या बाई म्हणाल्या. "शिंकला तो."

बाई म्हणजे दादाची बहीण, शाळेत विज्ञान शिकवणारी. पण बुवांचा पुढचा प्रश्न ऐकून त्या दोन पावलं पुढे सरकल्या.

"हिने रक्तदाबाच्या गोळ्या सोडून माझं मंत्रलेलं पाणी घ्यावं का?"

आकडे वर पळाले. वर म्हणजे हो. दादाच्या बायकोने, वहिनींनी, भरल्या डोळ्यांनी मान डोलावली. त्यांचे पाय सुजलेले बाईंना दिसत होते.

बाईंनी रेडिओमागे डोकावलं. एक बारीक वायर साबणाच्या डबीत शिरली होती. डबीवर दादाचं अक्षर: 'हात लावाल तर याद राखा.' बाईंनी नाही लावला. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, वायफायचं बटण बंद केलं आणि परत आल्या.

"बुवा, परत विचारा की."

बुवांनी विचारलं. ओरडून विचारलं. रेडिओ खरखरत होता, आकडे मात्र ढिम्म.

"इथे कुणीतरी नास्तिक आहे!"

"मी आहे ना. पण मघाशीही मीच होते."

गर्दीत खसखस पिकली. बाईंनी वायफाय पुन्हा चालू केलं. थोड्या वेळाने आत्मा ताजातवाना होऊन आकडे पळवू लागला.

"वहिनी, दादाचा मोबाईल कुठाय?"

"बुवांनी नेला. म्हणाले, जीव त्यात अडकलाय."

बाईंनी दादाचा नंबर लावला. बुवांचा झगा वाजू लागला.

लोकांनी मोबाईल काढून घेतला आणि बुवांनी काढता पाय घेतला. बाईंनी डबी उघडली. आत नखाएवढी चिप बसवलेली सर्किटची छोटीशी पाटी. "मोबाईल वायफायवरून हिला सांगतो, ही रेडिओला सांगते. आकडे बदलले की परदेशातलं कुणीतरी बोलताना ऐकू येतं. दादाला कॉटवरून उठवत नव्हतं, म्हणून त्याने केली. मंत्रलेलं पाणी द्यायला येणाऱ्या बुवांना कौतुकाने दाखवली असणार."

"मलाही दाखवत होते," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं, त्या खोक्यातून डोकं काढा आणि जेवा." मग त्यांना रडू आवरेना. "वन्सं, मला वाटलं होतं, ते खरंच बोलतायत."

बाईंनी त्यांना जवळ घेतलं. गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला, पाणी नळाचं.

मग त्या गर्दीकडे वळल्या. "आता एकेकाने दादाचा मोबाईल घ्या आणि आकडे पळवून बघा. श्रद्धा नसली तरी पळतात. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडू नका. आधी म्हणा, खिशातला हात बाहेर काढा."