चौतीस कमरेची गाडी

दहा वर्षं एका गाडीने उल्काचे रविवार खाल्ले होते, आणि आज, शनिवारी सकाळी, ती गाडी आयर्लंडमध्ये वेक्सफर्डकडच्या एका लांबलचक पुळणीवर ट्रेलरवरून उतरत होती. उल्का खिशात हात घालून बाजूला उभी होती. आठवडाभर ल्यूकनच्या घरून पोर्टलीशच्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये जाऊन-येऊन तिचा पार पिट्टा पडला होता, आणि आजही पहाटे पाचला उठून तिने थर्मास भरला होता. या गाडीचं कौतुक तिला कधीचंच संपलं होतं. ती फक्त एकदा धावायला हवी होती.

कारण प्रसन्नने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तसा शब्द दिला होता. गाडी एकदा धावली की हौशी गाडीवाल्यांच्या क्लबच्या शेडला देऊन टाकायची, गॅरेज रिकामं करायचं आणि रविवार घरच्यांना द्यायचे. नाही धावली तर परत गॅरेज, परत ग्राइंडर, आणि उल्काच्या अंदाजाने आणखी निदान दोन वर्षं.

आता ही गाडी कसली, तेही सांगायला हवं. अमेरिकेत कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या तळावर जुन्या काळी पोरं गाड्यांचं टप, मडगार्ड, काचा काढून फेकत आणि दांडगं इंजिन बसवून त्या सुसाट सोडत. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. प्रसन्न लिक्सलिपच्या चिप कारखान्यात, धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत काम करायचा, आणि वेड लागलं ते धूळ उडवणाऱ्या गाडीचं. बरं, वेड लागावं तर देश तरी बघून. आयर्लंडमध्ये कोरडं तळं आणायचं कुठून? पश्चिमेकडे उन्हाळ्यात आटणारी तळी आहेत असं कळल्यावर तो बायको-मुलीला घेऊन एक बघायलाही गेला होता. तळं आटलं होतं खरं, पण तळाशी गुडघाभर गवत होतं आणि त्यात गाई चरत होत्या. शेवटी ओहोटीच्या ओल्या वाळूवर त्याने समाधान मानलं.

याहून मोठा घोळ त्याने पहिल्याच वर्षी घालून ठेवला होता, पण तो अजून कोणाच्या लक्षात आला नव्हता. छत्तीस वर्षांच्या, चौतीस कमरेच्या प्रसन्नने स्वतःच्या मापाची एकुलती एक सीट बेतली, तिच्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला आणि देवापुढे ठरवून टाकलं, की पूजा झाल्याशिवाय यात कोणी बसायचं नाही. आणि पूजा करायची ती पुऱ्या झालेल्या गाडीचीच. ब्रेक तपासायचे तर उल्का बाहेरून वाकून हाताने पेडल दाबायची. क्लच, गिअर, सगळं मागची चाकं उचलून असंच बाहेरून तपासलं गेलं. दहा वर्षांत त्या सीटवर कोणी टेकलं नाही.

यंदा दसरा शनिवारी आला आणि क्लबची धावही त्याच दिवशी, तेव्हा प्रसन्नला यात साक्षात देवाचा हात दिसला. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती वाहिली. नारळ ट्रेलरच्या हुकावर फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं, पण गाडी ढकलल्यावर ते फुटायच्या ऐवजी निमूटपणे वाळूत रुतून बसलं. क्लबचा तपासनीस फिन्टन हे सगळं टोपी काढून बघत होता. मग त्याने नियम सांगितला. चालकाने आत बसायचं, पट्टा लावायचा आणि इशारा झाला की वीस सेकंदांत कोणाच्या मदतीशिवाय बाहेर यायचं.

प्रसन्न आत शिरला, म्हणजे कमरेपर्यंत शिरला. पुढे पोट आडवं आलं. ते आत ओढावं तर तीन वर्षांपूर्वी सरकलेली मणक्याची गादी ठणकायला लागली. श्वास सोडून, कुशीवर होऊन तो कसाबसा बसला, पण बाहेर यायला त्याला अडीच मिनिटं लागली, आणि ओढायला उल्का नि फिन्टन असे दोघं. दुसऱ्या खेपेलाही तेच. त्यांची पंधरा वर्षांची लेक रेवती मोबाइलवर शूट करत होती. तिने तो हळूच खिशात टाकला. “ही इज नॉट ग्रँड, मॅम,” ती आईला म्हणाली. ग्रँड म्हणजे तिथल्या बोलीत ठीकठाक.

फिन्टनने नकारार्थी मान हलवली. नियम म्हणजे नियम, आणि भरतीलाही फार वेळ उरला नव्हता. प्रसन्न वाळूत गुडघे टेकून पिंजऱ्याच्या नळ्यांवर वीत ठेवून मोजायला लागला. हे त्याचं मोजणं उल्काच्या चांगलं ओळखीचं होतं. या दोन कापायच्या, इथे सहा इंच वाढवायचं, सीट मागे घ्यायची, असं तो पुटपुटत होता. म्हणजे पुढचा दसरा, किंवा त्याच्याही पुढचा.

तिला राग आला, आणि रागावण्याइतकं त्राण अंगात उरलेलं नाही हेही त्याच वेळी कळलं.

“हेल्मेट दे इकडे,” ती म्हणाली.

“तू चालवणार?”

“दहा वर्षं हाताने क्लच दाबलाय. आज पायाने दाबते.”

तिने फिन्टनला लायसन्स दाखवलं, कागदावर सही केली, आत बसली आणि अकरा सेकंदांत बाहेर आली.

परत आत बसून पट्टा ओढला तेव्हा तिला ते जाणवलं. सीट कमरेशी नेमकी बसली होती, खांद्यांपाशी जागा जरा जास्त होती, आणि पाय पेडलपर्यंत पुरवायला तिला ताणावे लागत होते. लांब पायांच्या, सडपातळ माणसाची जागा होती ती. ल्यूकनच्या बसस्टॉपवर आयर्लंडमधल्या पहिल्या हिवाळ्यात तिला स्वतःच्या जाकिटात ओढून घेणारा तो माणूस इथे जसाच्या तसा शिल्लक होता, आणि गाडीचा शेहेचाळीस वर्षांचा मालक बाहेर कंबर धरून उभा होता. गाडीने आपलीच वर्षं खाल्ली असं ती इतके दिवस धरून चालली होती. त्याचीही तेवढीच गेली होती. तेवढ्यात सुटायचा झेंडा पडला.

पुढचं मिनिटभर नुसती वाळू, आवाज आणि दात वाजवणारे हादरे. मैलभराची धाव संपल्यावर कळलं, की गाडी ताशी एकशे चार किलोमीटरने धावली. रोज पोर्टलीशला जाताना उल्का आपल्या साध्या मोटारीने याहून जोरात जायची.

प्रसन्न लंगडत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. आत कसं वाटलं, असं त्याने विचारलं.

“आत तू आहेस,” उल्का म्हणाली. “छत्तीसचा.”

तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. मग तिने आठवण करून द्यायच्या आधीच त्याने फिन्टनला बोलावलं आणि गाडी शेडमध्ये न्यायला सांगितली. शब्द त्याने पाळला, नळ्यांवर एकदा हात फिरवून.

रेवती त्यांच्या मोटारीत झोपून गेली. दोघं रिकाम्या ट्रेलरवर बसून नारळाचे तुकडे खात राहिले. पाणी लिंबाच्या जागेपर्यंत आलं होतं.

“उद्या रविवार,” प्रसन्न म्हणाला.

“हो.”

त्याने नारळाचा आणखी एक तुकडा उचलला. “काय करतात गं लोक रविवारी?”

या रविवारसाठी उल्का दहा वर्षं भांडली होती. भांडताना तिच्याकडे सांगायला शंभर गोष्टी असायच्या. आता त्यातली एक आठवेना. तिने हातातला तुकडा मोडून अर्धा त्याला दिला.

“मलाही आठवत नाही,” ती म्हणाली. “आधी झोपू या.”